जित्या माणसाचं मयत

पाटलाचं प्रेत अंगणात ठेवलं होतं आणि भोवती बसलेल्या बायकांपैकी एकीच्याही डोळ्यांत पाणी नव्हतं.

"कट!" दिग्दर्शक ओरडले. "बबिता, हे काय चाललंय?"

बबिता धावत आली. चारठाण्यात सिनेमावाले उतरले तेव्हा गर्दीसाठी माणसं जमवायचं काम तिनं स्वतःच्या तोंडानं मागून घेतलं होतं. "आमच्या गावच्या बायका रडतात तसं कुणीच रडत नाही," असंही ती सांगून बसली होती. ते खोटं नव्हतं. मयताला दगडाबाईनं हेल काढला की चार गल्ल्यांपलीकडचा माणूस ताटावरून उठायचा. आजचा प्रसंग नीट पार पडला, तर बबिता पुढेही या मंडळींबरोबर काम करणार होती. नाही पडला, तर पुन्हा जिंतूरच्या कापड दुकानात साड्यांच्या घड्या घालायच्या.

"मावशी, रडत कामून न्हाईस तू?"

"कुणावर रडू?" दगडाबाईनं प्रेताकडे बोट केलं. "ह्या बाबानं सकाळी माज्या हातचं पिठलं खाल्लंय. ठसका लागला तवा मीच पाठ थोपटली. त्याची माय जिती हाय. जित्या माणसावर रडलं तर त्याचं आयुष्य तुटतंय."

"उलट वाढतं म्हणतात," प्रेत म्हणालं. पाटील झालेल्या भुजंग नावाच्या नटानं एक डोळा उघडला होता.

"तू गप पड. तुज्याच भल्याचं बोलायलेय."

"दोन लेकरं हायती त्याला," शेजारची रुख्मिणी म्हणाली. "मघाशी फोटो दावला. थोरलं लय गोड हाय."

मग मेकअपवाल्यानं सगळ्यांच्या डोळ्यांत ग्लिसरीन घातलं. धारा लागल्या, पण आवाज काही फुटेना. डोळे असे वाहत असताना रुख्मिणी पलीकडच्या बाईला शांतपणे विचारत होती, "तुमच्या तुरीला फवारा मारला का?"

"कट!"

बबितानं डोकं चालवलं. जिता माणूसच नको! तिनं भुजंगला उठवलं, एका पोत्यात कडबा भरला आणि त्याच्यावर पांढरं कापड घातलं. सुटका झालेला भुजंग चहाचा कप घेऊन नेमका कॅमेऱ्याच्या मागे, बायकांच्या समोर जाऊन बसला. वर हातही हलवला.

"पाटील लयच वाळला गं," कुणीतरी म्हणालं आणि सगळा शोकाकुल समुदाय पदर तोंडात कोंबून हसायला लागला.

दिग्दर्शक मात्र हसले नाहीत. ऊन देवळाच्या शिखरावर टेकलं होतं. "उजेड गेला की आजचा दिवस गेला," ते म्हणाले. "बबिता, तुझ्याच्यानं होत नसेल तर सांग. मी शहरातून माणसं मागवतो."

बबिता दगडाबाईपाशी मटकन बसली. "मावशी, माजं काम जायलंय."

"मग तू रड की. आमाला कामून बेजार करायलीस?"

"पर लोकाच्या मयताला एवढं रडतीस ते? ती माणसं कुठं तुजी असतेत?"

दगडाबाईनं कीव येऊन तिच्याकडे पाहिलं. "लोकाच्या माणसावर कोण रडतंय गं? मयत त्यांचं असतंय, रडणं ज्याचं त्याचं. घरी वक्त कुठं मिळतोय बाईला रडायला?"

बबिता ताडकन उभी राहिली. "मंग आजबी ज्याचं त्याचं रडा! पाटलाचं नाव सोडा!"

"आसं बोल की," दगडाबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. "खामखा येळ घालवला."

कॅमेरा सुरू झाला आणि दगडाबाईनं हेल काढला. गेलेल्या धन्याला तिनं हाका मारल्या, तशा बाकीच्याही एकेक करून फुटल्या. कुणी आईला, कुणी पाठच्या बहिणीला. झाडावरची पाखरं उडाली. भुजंगनं चहा खाली ठेवला. सगळ्यांच्या वर रुख्मिणीचा आवाज चढला, "चंद्रे, माजे बाई, भरल्या कासंची गेलीस गं! साऱ्या गल्लीला लाथा घातल्यास, मला कधी शिंग लावलं न्हाईस!"

मिशीवाल्या पाटलाला भरली कास! बबितानं घाबरत दिग्दर्शकांकडे पाहिलं. कानांवर हेडफोन, मान खाली. संपलं, ती मनाशी म्हणाली.

शिखरावरचं ऊन गेलं तरी कट म्हणायला कुणी तयार नव्हतं. शेवटी दिग्दर्शकांनी हेडफोन काढला. चेहरा ओलाचिंब होता. ते सरळ जाऊन बायकांच्या कडेला बसले.

"आबा गेले तेव्हा मी शूटिंगला होतो," ते म्हणाले. "पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं."

"सरका गं," दगडाबाई म्हणाली. "ये बाबा. रड, लाजू नको."

ते पोटभर रडले. मग रुमालानं नाक पुसत त्यांनी रुख्मिणीला विचारलं, "तुमचं कोण गेलं?"

"म्हस."

बबितानं डोळे गच्च मिटले.

"केव्हा?"

"पोळ्याच्या आदल्या दिशी. पान लागलं. साप दिसलाबी न्हाई."

"अरेरे!" दिग्दर्शकांना पुन्हा भरून आलं.

जरा वेळानं बबितानं हळूच विचारलं, "सर, शॉट?"

"झाला. असा पुन्हा मिळायचा नाही. म्हशीचे शब्द तेवढे नंतर बदलून घेऊ, रडणं हेच ठेवायचं. आणि तू कुठं जायचं नाहीस आता. पुढच्या सिनेमालाही हवीस."

बबितानं इतका मोठा श्वास सोडला, की ती तशीच मागे कडब्याच्या पाटलावर बसली. कुणी तिला उठवलं नाही.

बायका हौदावर तोंडं धुऊन आल्या. लग्नातून परतल्यासारख्या टवटवीत दिसत होत्या. दगडाबाई म्हणाली, "बबे, लय हलकं वाटायलंय. उद्या कधी यायचं?"

"उद्या मयत न्हाई, मावशी. उद्या पाटलाच्या साठीची पंगत हाय. समद्यांनी हसायचंय."

"मेल्यावर साठी?"

"सिनेमात मागचं पुढं आन् पुढचं मागं असतंय."

दगडाबाईनं पदर खोचला.

"असू दे," ती म्हणाली. "आमी जरा लवकर येतो. पंगतीच्या आधी रडून घेतो."