सरळ रेषेतला पूल

नदीवरचा जुना पूल सुरक्षित आहे की नाही, हे ठरवण्याचे काम पूल निरीक्षण कक्षाकडे आहे आणि कक्षात आलेख काढण्याचे काम माझ्याकडे आहे. म्हणजे कागदोपत्री पाहिलं तर हा पूल माझ्या दहा बोटांवर उभा आहे. बढाई मारत नाही. माझ्या कर्तव्यसूचीत तसंच लिहिलंय, फक्त जरा जड भाषेत.

कक्षातला संगणक जुना आहे. त्याला माउस नाही, आणि लावायचा म्हटलं तरी लावायला भोक नाही. पडदा काळा, त्यावर हिरव्या रेषा. त्यात आलेख काढण्याचा एक प्रोग्रॅम आहे आणि तो सर्वस्वी बटणांवर चालतो. बाणांच्या बटणांनी पडद्यावरची फुली हलवायची, एका बटणाने आकडे भरायचे, दुसऱ्याने अक्ष ताणायचा, तिसऱ्याने छापायचं. हा प्रोग्रॅम दुसऱ्या संगणकावर चालत नाही म्हणून संगणक बदलता येत नाही. या संगणकावर दुसरा प्रोग्रॅम चालत नाही म्हणून प्रोग्रॅम बदलता येत नाही. आणि दोन्ही फक्त मला चालवता येतात म्हणून मला बदलता येत नाही. प्रशासनात स्थैर्य म्हणतात ते हेच.

पुलाखाली एक मोजपट्टी बसवलेली आहे. मोजणीदार रोज सकाळी होडीतून जाऊन पूल किती वाकला ते तिच्यावर वाचतो आणि येऊन मला आकडा सांगतो. मी आकडा भरतो, पडद्यावर एक बिंदू वाढतो, रेषा एक पाऊल पुढे सरकते. वर्षानुवर्षं ती शहाण्यासारखी सरळ चालली होती. एके सोमवारी ती धाडकन खाली गेली.

"हे काय?" साहेब माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले. साहेब म्हणजे आमचे कार्यकारी अभियंता.

"पूल वाकला, साहेब."

"ते दिसतंय मला. पण असं टोकदार का? दुपारी वरून पाहणी आहे. त्यांना हे टोक दाखवायचं?"

"ते टोक म्हणजे पूलच आहे, साहेब."

"असेना का. डोळ्याला टोचतंय त्याचं काय?"

मी घाबरलो. निदान तारखा तरी नीट दाखवाव्यात म्हणून डी दाबायला गेलो, आणि घाईत बोट शेजारच्या एसवर पडलं. एसने काय होतं ते मला माहीत नव्हतं. प्रोग्रॅमची माहितीपुस्तिका टेबलाच्या आखूड पायाखाली होती आणि ती काढली असती तर टेबल डुगडुगलं असतं. पडद्यावर प्रत्येक बिंदूने आपल्या दोन्ही शेजाऱ्यांकडे पाहिलं आणि मुकाट्याने त्यांच्या मधली जागा धरली. टोक बोथट झालं.

"हे काय केलंत?" साहेबांनी विचारलं.

"चुकून झालं, साहेब."

"परत चुका."

मी परत चुकलो. टोक गेलं, खळगा राहिला. आणखी थोडा चुकलो, तर खळगाही गेला. साहेबांनी समाधानाने पाठ ताठ केली. "बघा! आला की नाही पूल वर?"

पाहणीला आलेले साहेब आमच्यावर खूश झाले. त्यांच्या हद्दीतले इतर पूल हट्टाने वाकत होते. आमचा तेवढा सहकार्य करत होता. पंधरवड्यात परिपत्रक निघालं: कोणताही आलेख सादर करण्यापूर्वी आवश्यकतेनुसार एस दाबण्यात यावे, आवश्यकता संपली हे रेषेवरून ओळखण्यात यावे. मी दाबायचो. मग आलेख वरच्या कार्यालयात जायचा. तिथे त्यांचाही एक प्रोग्रॅम होता आणि त्यांनाही आपण काही केलं असं वाटायला हवं होतं, म्हणून तेही दाबायचे. शेवटी रेषा इतकी सरळ झाली की ती अक्ष आहे की आलेख, हे मलाच छापल्यावर कळेना.

तेव्हा वरून नवीन पृच्छा आली. रेषा संशयास्पदरीत्या सरळ आहे, सदर पूल वापरात आहे किंवा कसे?

यावर कक्षात बैठक झाली आणि आलेखात 'नैसर्गिक चढउतार' समाविष्ट करण्याचं ठरलं. प्रोग्रॅममध्ये तीही सोय होती. फुली एखाद्या बिंदूवर न्यायची, इन्सर्ट दाबायचं आणि बाणाने बिंदू हवा तिथे उचलून ठेवायचा. साहेबांना टेकड्या आवडत. उपअभियंता बाईंचं म्हणणं, टेकड्या बटबटीत दिसतात, एकसारख्या लाटा घ्याव्यात. दोघांत कडाक्याचा वाद झाला. उपअभियंता बाई दोन दिवस साहेबांशी बोलल्या नाहीत. पुलाविषयी कक्षात एवढी तळमळ मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. अखेर लाटा मंजूर झाल्या, सणावाराला एखादी टेकडी.

इकडे मोजणीदार एका सकाळी धापा टाकत आला. "साहेब, पट्टी संपली!"

"संपली म्हणजे?"

"पूल पट्टीच्या तळाला टेकलाय. आता पुढे आकडेच नाहीत."

साहेबांनी डोळे मिटून विचार केला. "म्हणजे आजच्या आकड्यापेक्षा उद्याचा आकडा जास्त येणार नाही?"

"येईल कुठून? पट्टीच नाही ना!"

"मग घाबरता कशाला? लिहून घ्या. वाकण्याचे प्रमाण स्थिरावले आहे."

आणि स्थिर पुलाला मोजणीदार कशाला हवा, म्हणून त्याची बदली झाडांचे घेर मोजायला झाली. हल्ली तो सुखात आहे. झाडं संपत नाहीत म्हणतो.

याच सुमाराला कक्षातली सगळी मंडळी लांबच्या पुलावरून कामाला येऊ लागली. आमची घरं नदीच्या अलीकडे, आणि कचेऱ्या, दवाखाने, बाजार सगळं पलीकडे. लांबचा पूल पार वरच्या अंगाला आहे. तिकडून वळसा घातला की तासभर जादा जातो. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. साहेबांच्या गाडीला म्हणे तिकडचा रस्ता मानवतो. उपअभियंता बाईंना तिकडची हवा मानवते. मला पहाटे उठायची सवय लागली, एवढंच.

इथवर सगळं नियमाला धरून चाललं होतं. घोळ झाला तो माझ्या घरी. माझ्या मुलीला पलीकडे दातांच्या दवाखान्यात नोकरी लागली, आणि ती स्कूटरवरून रोज जुन्या पुलानेच जाऊ लागली. एकुलती एक पोर हो. तिची निघायची वेळ झाली की मी घड्याळ बघायला लागायचो, ते संध्याकाळी जिन्यात तिची चप्पल वाजेपर्यंत. दिवसभर लाटा काढायच्या आणि प्रत्येक लाटेला तिची स्कूटर आठवायची. अशा मनःस्थितीत लाटा एकसारख्या कशा येणार? साहेबांनी दोनदा टोकलं.

"लांबच्या पुलावरून जात जा ना गं," मी एकदा जेवताना म्हणालो.

"का?"

"हवा चांगली असते तिकडे."

"बाबा, तासभर जास्त लागतो! आणि या पुलाला काय धाड भरलीय? तुमचाच आलेख लावलाय ना पुलाच्या तोंडाशी, केवढा मोठा. मी मैत्रिणींना दाखवते. किती छान लाटा आहेत!"

बायकोने भाकरी मोडता मोडता माझ्याकडे पाहिलं. "अहो, पुलात काही असेल तर सरळ सांगा बाई."

"आलेखात काही नाही तर पुलात कुठून असणार?"

"मग तुम्ही कशाला पहाटे उठून तिकडून जाता?"

मी पाणी मागितलं. घरात परिपत्रक काढता येत नाही, ही संसाराची मोठीच अडचण आहे.

दरम्यान पुलाच्या मध्यावर पाणी साचायला लागलं. पाणी अडाणी. त्याला आलेख वाचता येत नाही, ते आपलं सखल जागा बघून थांबतं. सायकलवाले अर्धा पूल पायडल न मारता जात आणि उरलेला अर्धा उतरून सायकल ढकलत. बसचं बूड घासायला लागलं. तेव्हा कुठे लोकांत कुजबुज सुरू झाली आणि नागरिकांनी सभा बोलावली. मागणी एकच: आम्हाला छापलेला कागद नको, संगणक इथे आणा आणि आमच्या डोळ्यांदेखत आलेख काढा.

"नेऊ की!" साहेब म्हणाले. "पारदर्शकता असलीच पाहिजे. फक्त लाटा इथूनच काढून न्या."

सभा पलीकडच्याच एका शाळेच्या सभागृहात, दवाखाने सुटायच्या वेळेला होती. संगणक हातगाडीवरून नेला, व्यासपीठावर मांडला, पडद्याचं चित्र भिंतीवर दिसेल अशी सोय एका फोटोवाल्याने करून दिली. सभागृह गच्च भरलं होतं. पुढच्याच बाजूला माझी मुलगी दवाखान्यातल्या मैत्रिणींबरोबर बसली होती आणि 'ते माझे बाबा' असं बोट दाखवून सांगत होती.

आता एक गोष्ट कक्षात फक्त मला माहीत होती. हा प्रोग्रॅम मूळ आकडे कधीच टाकून देत नाही. वर कितीही लाटा चढवा, आर दाबलं की आकडे जसेच्या तसे बाहेर येतात. मी साहेबांकडे पाहिलं नाही. पोरीकडे पाहिलं आणि आर दाबलं.

भिंतीवर हिरवी रेषा डावीकडून निघाली, थोडी सरळ चालली, मग घसरली, सावरली, पुन्हा घसरली, आणि तळाला जाऊन जी पडली ती पडलीच.

"हा खरा आलेख," मी म्हणालो. "पूल आजच्या आज बंद करायला हवा."

मला वाटलं, आता लोक साहेबांची गचांडी धरणार. साहेबांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते खुर्ची मागे सरकवून दाराचा अंदाज घेत होते.

"बंद?" एक कापडवाला उठला. "किती दिवस?"

"दुरुस्ती होईपर्यंत. वर्ष जाईल, दोन जातील."

"आणि तोवर?"

"लांबचा पूल आहे ना."

"तासभर वळसा? रोज?" एकदम गलका झाला. "पोरांना उठवायचं कधी?" एक आई म्हणाली. "माझं गिऱ्हाईक येईल का तासभर फिरून?" कापडवाला म्हणाला. एक निवृत्त प्राध्यापक चष्मा पुसत उभे राहिले. "मला एवढंच सांगा, इतके दिवस हा पूल पडला का?"

"नाही, पण..."

"झालं तर मग!" लोकांनी माना डोलावल्या. मागून कोणीतरी ओरडलं, "लांबच्या पुलाजवळ कोणाकोणाच्या जागा आहेत ते बघा आधी! म्हणून चाललंय हे!" त्यावर तर टाळ्याच पडल्या. "आम्हाला घाबरवायला काढलाय हा आलेख! नेहमीचा कुठाय? तो लाटांचा?"

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "कक्षाने लोकभावनेचा नेहमीच आदर केला आहे," ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं.

मी हात मांडीखाली घालून बसलो. नाही दाबणार म्हटलं, जा! नोकरी गेली तरी बेहत्तर. आणि तेवढ्यात माझी मुलगी उठून व्यासपीठापाशी आली. लहानपणी फुगा मागताना जो आवाज काढायची, तोच काढून हळूच म्हणाली, "बाबा, अहो, लांबून जायचं तर मला अंधारात निघावं लागेल. नवीन नोकरी आहे, रोज उशीर झाला तर ठेवतील का मला? दाबा ना ते दुसरं बटण."

"अगं, पण तू बघितलंस ना आत्ता? डोळ्यांनी बघितलंस ना?"

"बघितलं हो. पण सगळे खोळंबलेत, बाबा."

मी एस दाबलं. टोकं बोथट झाली, कुठूनतरी "शाब्बास!" आलं. आणखी दाबलं, रेषा तळातून उठायला लागली. प्रत्येक दाबाला टाळ्या वाढत गेल्या. रेषा पार सरळ झाली तेव्हा लोक उभे राहिले होते. कापडवाल्याने शेवटी एखादी टेकडी काढायची विनंती केली, ती साहेबांनी तिथल्या तिथे मान्य केली. पूल सुरक्षित असल्याचा ठराव एकमताने झाला.

सभा सुटली. सगळ्यांनाच घरी जायची घाई, त्यामुळे स्कूटरी, सायकली, बस, सगळं एकदमच जुन्या पुलाकडे वळलं. मला संगणक परत कक्षात न्यायचा होता. मी हातगाडीचा दांडा धरून फाटकापाशी उभा राहिलो. माझी पोर त्या गर्दीत अगदी पुढे होती. तिने वळून हात केला. मी हाक मारली, ती हॉर्नमध्ये विरली.

आता तुम्ही मला नावं ठेवाल. ठेवा, हक्क आहे तुमचा. पण व्यासपीठावरून मला सगळे चेहरे दिसत होते. मधल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर तुम्ही होतात. तुम्ही ओरडला नाहीत, टाळ्याही बेताच्याच वाजवल्यात, माणूस समजूतदार. तुम्ही फक्त घड्याळ पाहिलंत आणि शेजारच्याला म्हणालात, "चला, आटपलं एकदाचं. जुन्या पुलावरूनच काढू गाडी, लवकर पोचू."