गार्डाच्या डब्यावरचा नंदी

माझ्या हातून घरातली एकही वस्तू आजवर फुटलेली नाही. कपबशीसुद्धा नाही. हे मी आंधळगावात कोणालाही ठणकावून सांगत असे. तान्ह्या पोळ्याच्या दुपारपर्यंत सांगत असे.

माझे सासरे, म्हणजे मामाजी, गोंदियाच्या छोट्या रेल्वेलाइनीवर एकतीस वर्षं गार्ड होते. रिटायर झाल्यावर कोणीतरी त्यांच्या हातात जबलपूरच्या एका कारखान्याचं पत्रक ठेवलं. छोट्या लाइनीच्या पॅसेंजरचे हुबेहूब डबे, पितळी चाकांचे, हातभर लांब. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं: ‘फक्त साठ नग. त्यानंतर साचा मोडण्यात येईल.’ ती ओळ वाचून मामाजी जेवले नाहीत. तडक पोस्टात गेले.

मग चौदा महिने पोस्टकार्डं येत राहिली. ‘फर्स्ट क्लास संपले.’ ‘सेकंड क्लासचे दोनच शिल्लक, त्वरा करावी.’ ‘आपण मागितलेला गार्डाचा डबा पुढील खेपेस.’ ‘पुढील खेप लांबली, पावसामुळे रंग वाळत नाही.’ कार्ड वाचून झालं की मामाजी दारात जाऊन रस्त्याकडे बघत, जणू डबा जबलपूरहून स्वतःच चालत येणार होता. शेवटी आला. पोटावर छाप होता, साठपैकी एकोणसाठावा. तो काचेच्या कपाटात बसला. रोज संध्याकाळी मामाजी जुन्या बनियनच्या तुकड्याने त्याच्या खिडक्या पुसत, इवलंसं दार उघडून आत बघत आणि पुन्हा लावून घेत. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

मामाजी रागावत नाहीत, हीच भीती. ते बोलणं बंद करतात. एकदा आमचे हे त्यांच्या घड्याळाला किल्ली द्यायला विसरले, तर नऊ दिवस घरात फक्त ताट सरकवल्याचे आवाज होते.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आमच्याकडे पोरं चाकांवरचे लाकडी बैल सजवून मिरवतात आणि सगळ्यांत चांगल्या नंदीला नंबर मिळतो. माझ्या चार वर्षांच्या श्रावणचा नंदी मिरवायचा हा पहिलाच पोळा. सकाळी त्याने आपल्या नंदीवर स्वारी केली आणि चाकांची फळी मधोमध चिरली. नंदी शाबूत, चाकं गेली. मी सहा महिन्यांच्या रत्नाला कडेवर घेऊन मंगरू सुताराकडे धावले.

“नंदी? आज?” मंगरूने वर पाहिलंसुद्धा नाही. “चार दिवस झाले संपून. येत्या साली लवकर या, बाई.”

“नुसती चाकं तरी दे ना गा.”

“चाकं बैलाबरोबर गेली.”

घरी श्रावण ओसरीवर पालथा पडला होता. रडत नव्हता. रडला असता तर मी निभावलं असतं. हे तुमसरला राइस मिलमध्ये, मामाजी गोंदियाला, पाचच्या बसने येणार. तेव्हा वाजले होते दोन. माझी नजर कपाटाकडे गेली. आठ चाकं. पितळेची.

फक्त तासाभरासाठी, असं मी देवाला सांगितलं. देव काही बोलला नाही, ते मी होकार धरलं. छपरावर दुपट्याची घडी ठेवली, वर नंदी उभा करून नाड्याने करकचून आवळला आणि जुन्या साडीची झूल पार जमिनीपर्यंत सोडली. बैल उंटाएवढा दिसायला लागला. सुटू नयेत म्हणून गाठी दुहेरी मारल्या.

देवळासमोरच्या मैदानात सगळ्यांचे नंदी खडखडत होते. आमचा मात्र लोण्यावरून सुरी जावी तसा चालला. हेच नडलं.

“कुठून आनला वं हा?” शेजारची सत्यवती झुलीकडे वाकली. मी तिच्या आणि झुलीच्या मध्ये रत्नाला धरलं.

“जबलपूरहून.”

“माह्या पोरासाठी एक सांग ना.”

“नाई मिळत. साठच होते. साचा मोडला.”

हे ऐकल्यावर तर बायकांची रीघच लागली. पंचकमिटीचे श्यामराव कर्ण्यावरून सांगू लागले, “खास जबलपूरचा नंदी, असे फक्त साठ!” आणि मग ते म्हणाले, “आपले गार्डसाहेब भैय्याजी ट्रकानं लवकर आले आहेत. तेच आज परीक्षक.”

मामाजी गोंदियाच्या पिशवीसकट पुढे आले. गार्डच ते. प्रत्येक नंदीच्या शिंगांकडे बघायचं सोडून खाली वाकून चाकं तपासत होते. आमच्या आधी पाच नंदी. मग चार. पळावं म्हटलं तर कडेवर रत्ना आणि दोरी श्रावणच्या मुठीत. मग दोन.

“आबाजी!” श्रावणने आजोबांकडे हात उंचावले, आणि दोरी सुटली.

मैदानाला मुरमाचा उतार आहे आणि उताराच्या शेवटी बोडी, पावसाळ्यात काठोकाठ भरलेलं तळं. नंदी निघाला. दहा पावलांवर झूल दगडाला अडकून मागे राहिली, आणि सगळ्या आंधळगावाने पाहिलं की बैल पॅसेंजरच्या छपरावर उभा राहून चालला आहे. मी किंचाळले.

मामाजी धावले. एकसष्टाव्या वर्षी, पिशवी टाकून. चिंचेपाशी त्यांनी डबा गाठला. वाकले असते तर हाती आला असता. वाकले नाहीत. डब्याच्या जोडीने धावत राहिले, मान वाकडी करून चाकांकडे बघत. पाणी हातभर उरलं तेव्हा कुठे त्यांनी पाय आडवा घातला.

श्यामरावांनी भीतभीत विचारलं, “भैय्याजी, पयला नंबर याले द्याचा का?”

“बाद,” मामाजी धापा टाकत म्हणाले. “बैल गाडी ओढते. गाडीवर बसून जात नाही.”

मग डबा छातीशी धरून घरी गेले. रात्रभर एक शब्द नाही. मी मनात नऊ दिवस मोजायला घेतले. सकाळी चहा ठेवला, तेव्हा त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला.

“अपघाताचा रिपोर्ट. लेखी. काही लपवाचं नाही, सूनबाई.”

रत्ना पाळण्यात निजली तेवढ्या वेळात मी दोन पानं लिहिली. नाड्याच्या गाठीसुद्धा लिहिल्या. एका ठिकाणी शाई पसरली, तो थेंब कशाचा ते मात्र लिहिलं नाही. मामाजींनी चष्मा लावून वाचलं आणि खाली लाल पेन्सिलीने शेरा मारला:

‘वेगाची नोंद नाही. चौकशी अपूर्ण. उद्या सकाळी सहा वाजता त्याच उतारावर पुन्हा चाचणी घ्यावी. बैल नको. वरून डबा सोडणार: मी स्वतः. हिरवी झेंडी: श्रावण. बोडीत उभं राहून डबा अडवणार: सूनबाई.’

खाली सहीसाठी रेघ होती. मी आधी मुकाट्याने सही केली, मग विचारलं, “मामाजी, तिथं पानी किती आहे?”

“थे,” कागदाची घडी घालत ते म्हणाले, “उद्याच्या रिपोर्टात येईल.”