दोन वाजताचे साहेब

गेल्या मंगळवारी दुपारी सव्वा वाजता कटिंग मास्तर रेवणप्पा शुक्रवार पेठेतल्या आपल्या दुकानात कापडाच्या गठ्ठ्यावर कोसळले. मी दुकानाच्या वरच राहतो. धावत खाली आलो, नाडी मोजली. मिनिटाला अडतीस ठोके.

मास्तर शाळेचे गणवेश कापतात. दोन वाजले की शटर ओढून घेतात. नवख्या गिऱ्हाइकाला वाटतं, मास्तर झोपले. आत मास्तर डावा डोळा तळहाताने दाबून फेऱ्या मारत असतात. डोळा लाल, पापणी उतरलेली, पाणी गळतंय, डावी नाकपुडी वाहतेय. बसवत नाही, आडवं होववत नाही. तासाभराने शटर वर जातं.

"साहेब येऊन गेले," मास्तर सांगतात. "वेळेचा लई पक्का माणूस. माझा एक तरी गणवेश असा वेळेत गेलाय का?"

साहेब वर्षातून दोन महिने रोज येतात. मग दहा महिने पत्ता नसतो. मास्तरांच्या भाषेत, "दौऱ्यावर हायेत."

साहेबांपायी त्यांनी दोन दाढा काढल्या, तीन चष्मे बदलले. यंदा मेंदूच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं: क्लस्टर हेडेक. कळ सुरू होताच मास्कने ऑक्सिजन. तेवढ्याने भागलं नाही तर इंजेक्शन. कळ येऊच नये म्हणून व्हेरापामिलची गोळी, दिवसातून तीनदा एकेक. ईसीजी काढल्याशिवाय डोस वाढवायचा नाही.

"कापडाचे ऐंशी थर एकावर एक ठेवून मी एकदाच मशीन फिरवतो की," मास्तर सोमवारी मला म्हणाले. "साहेब येणार दोनला. सकाळची न् रातची गोळी कुणासाठी?"

मी विनोद समजून हसलो.

मंगळवारी बारा वाजता त्यांनी दोन दिवसांच्या सहा गोळ्या एकदम घेतल्या.

दवाखान्यात सलाईन लागलं, छातीला वायरी लागल्या. हृदय थांबू शकतं, असं डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच सांगितलं. मास्तर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. पत्नी महानंदाबाई आत आल्या तेव्हा दोनला पाच मिनिटं कमी होती. मास्तरांनी माझी बाही धरली.

"हिला बाहेर न्या."

"का?"

"डोस्कं आपटतो मी. लेकरासारखा रडतो. बावीस वर्षं हिला बघू दिलं न्हाय."

"बघू दिलं न्हाय व्हय?" महानंदाबाई म्हणाल्या. "शटरला फट हाय की. रोज तितं उभी असते मी." त्या माझ्याकडे वळल्या. "सरका तिकडं."

दोन वाजून चार मिनिटांनी डावा डोळा लाल झाला. नर्सने मास्क लावला. उठायला मनाई होती. मास्तर उठू लागले. महानंदाबाईंनी त्यांचे दोन्ही खांदे धरले. मास्तर रडले. बाईंनी धरून ठेवलं.

कळ ओसरली, अडीचला मास्क निघाला. नाडी वाढतेय, असं डॉक्टर म्हणाले आणि महानंदाबाईंना बाहेर थांबायला सांगितलं.

त्या गेल्या नाहीत.