वेंडेलला सोफा आवडला

अंगठी गेल्याचं वेंडेल टॉफ्टेला कळलं ते आवाजावरून. सोफ्याच्या जाडजूड कातड्याच्या आत, कुठेतरी खोल, लोखंडावर काहीतरी पडल्यासारखं बारीक 'टिण' वाजलं आणि त्याच्या काळजात धस्स झालं. त्याने डावा हात फटीतून बाहेर काढून पाहिला. बोटावर नुसता पांढरा वळ उरला होता.

तसा वेंडेल भित्रा नव्हता. मिनेसोटातल्या त्या भागात बर्फाचं वादळ सुटलं की लोक दारं लावून घेत आणि हा रस्ते मोकळे करायला जिल्ह्याचा ट्रक घेऊन बाहेर पडे. पण ही अंगठी साधी नव्हती. लग्नातली पहिली अंगठी त्याने गोठलेल्या तळ्यावर मासे धरताना, बर्फाला पाडलेल्या भोकात घालवली होती. तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे बर्निसबाईंनी, आपल्या वडिलांची नॉर्वेहून आलेली अंगठी पेटीतून काढून त्याच्या तळहातावर ठेवली होती. "ही तळ्यावर नेऊ नका, जावईबापू," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. आवाज चढवला नव्हता. बर्निसबाई आवाज कधीच चढवत नसत, म्हणून तर सगळे त्यांना टरकून असत. यंदा डॉक्टरांनी वेंडेलचं लोणी बंद केलं, पोटाबरोबर बोटंही बारीक झाली, आणि तळ्यावर न गेलेली अंगठी फर्निचरच्या दुकानात गेली.

दुकानात ते आले होते कोरीनच्या निवडीचा सोफा बघायला. घरात आइस हॉकी खेळणारे दोन मुलगे आणि एक ओला कुत्रा. त्या तिघांनी मिळून जुन्या कापडी सोफ्याची पार गोधडी केली होती. कोरीनने हिवाळाभर शोध घेऊन ठरवलं होतं की आता कातड्याचाच घ्यायचा, सगळे मावतील असा इंग्रजी एल अक्षरासारखा, पाठ मागे जाणारा आणि पाय वर येणारा. नखांनी फाटायला नको, ओल्या फडक्याने पुसता यायला हवा. तसा एक मधाच्या रंगाचा सोफा तिने पसंतही केला होता आणि आता ती टेपने त्याची मापं घेत होती. "तू बस जरा कुठेतरी," असं ती नवऱ्याला म्हणाली आणि नवरा सगळ्यात जवळच्या सोफ्यावर बसला. दुकानातला सगळ्यात कुरूप सोफा तोच होता. कलेजीचा रंग, गलेलठ्ठ हात आणि कप ठेवायच्या भोकांत निळे दिवे. वेंडेलने गंमत म्हणून बटण दाबलं, पाय वर आले, तोल सावरायला हात फटीत गेला आणि येताना एकटाच आला.

त्याने फटीत पुन्हा हात घातला. त्याचा पंजा फावड्यासारखा, तो बोटांच्या पेरांशीच अडकला. पाय खाली घ्यावेत म्हणून बटण दाबलं तर आत 'कर्र' झालं. अंगठी आतल्या यंत्राच्या दातांत सापडली तर तिची तार होईल, या विचाराने त्याने बटण सोडून दिलं. तेवढ्यात दुकानातला विक्रेता रॉयस हसत पुढ्यात येऊन उभा राहिला.

"काय म्हणतोय सोफा?"

दुसऱ्या कुठल्या मुलखातला माणूस असता तर सरळ म्हणाला असता, बाबा रे, माझी अंगठी पडलीय, जरा हा उलटा कर. पण त्या भागात परक्याला आपली अडचण सांगणं म्हणजे त्याच्यासमोर सदरा काढण्यासारखं. वेंडेलने डावा हात मांडीखाली सारला.

"वाईट नाही," तो म्हणाला.

दुकानाच्या दुसऱ्या टोकाला कोरीनच्या हातातली टेप खाडकन मिटली. 'वाईट नाही' म्हणजे त्या लोकांत कौतुकाची परमावधी. थोरला मुलगा जन्मला, नर्सने तो हातात दिला, तेव्हा वेंडेल असंच म्हणाला होता. त्यानंतर एकदा एका माशाबद्दल. कोरीन लगबगीने आली.

"तुला हा आवडला?"

नाही म्हणावं तर ती त्याला मधाच्या रंगाकडे ओढून नेणार, आणि तिच्या आजोबांची अंगठी इथेच परक्यांच्या बुडाखाली राहणार. "खरंच वाईट नाही," तो म्हणाला.

मुलाने आपणच ठरवून आणलेल्या सुनेकडे आई बघते, तसं कोरीनने त्या कलेजीकडे पाहिलं. मग तिचा चेहरा निवळला. "पडदे घेताना विचारलं, गाडी घेताना विचारलं, पोरांची नावं ठेवतानासुद्धा विचारलं. दर वेळी तुझं एकच, तुला आवडेल ते. आज पहिल्यांदा तुला स्वतःला काहीतरी आवडलंय. हाच घेऊ या."

"झकास," रॉयस म्हणाला. "गोदामातून कोरा मागवतो. महिनाभरात येईल."

वेंडेलने सोफ्याचा हात घट्ट धरला. "मला हाच पाहिजे."

आजूबाजूची गिऱ्हाइकं वळून बघू लागली. 'मला पाहिजे' हे शब्द त्या गावात लहान मुलं उच्चारत, तेही आईने डोळे वटारेपर्यंतच.

"अहो, पण हा नुसता दाखवायला मांडलेला. अख्खा गाव यावर बसून गेलाय."

"बसू दे."

"मांडलेला माल आम्ही परत घेत नाही, सांगून ठेवतो."

"नका घेऊ."

"बरं, गुरुवारी गाडी..."

"आज," वेंडेल म्हणाला. कोरीनने डोळे टिपले आणि ट्रेलर आणायला भावाला, ड्वेनला, फोन लावला.

ड्वेन येईपर्यंत एक धिप्पाड शेतकरी नेमका त्याच जागेवर येऊन बसला आणि बटणाशी खेळू लागला. पाय वर, पाय खाली, आणि आतून कर्र, कर्र. वेंडेल त्याला खेटून बसला. "हा विकला गेलाय," तो म्हणाला.

"बसायला काय जातंय?" शेतकरी म्हणाला आणि त्याने आणखी एकदा पाय वर केले. वेंडेलचा जीव टांगणीला लागला होता. त्याने डोळे मिटून घेतले. शेतकऱ्याला वाटलं, माणूस सुखात आहे.

सोफ्याचे तुकडे सुटे करून ट्रेलरवर चढवले, तेव्हा नवीनच भीती उभी राहिली. रस्त्यात धक्का बसून अंगठी खालच्या खाली गळून पडली तर? वेंडेल अंगठी असलेल्या तुकड्यावर, ट्रेलरवरच बसला.

"दाजी, पुढे या, गोठून मराल," ड्वेन म्हणाला.

"इथे बरा आहे मी. तू हळू चालव."

"एवढं प्रेम आमच्या ताईवर करा की जरा."

अशा थाटात वेंडेल टॉफ्टेची मिरवणूक भर थंडीत गावाच्या मुख्य रस्त्यावरून निघाली. एक हात फटीत, नाकातून पाणी, आणि लोक हात हलवतायत म्हणून दुसऱ्या हाताने सगळ्यांना परत सलाम. घरी पोचेपर्यंत गल्लीत बातमी झाली होती की वेंडेलला काहीतरी आवडलंय.

सोफा खोलीत मावेना. शेवटी त्याची एक बाजू खोलीकडे पाठ आणि खिडकीकडे तोंड अशी लावावी लागली. कोरीन दोन पावलं मागे गेली. "वेगळा दिसतो," ती म्हणाली. त्या लोकांत एखाद्या वस्तूला 'वेगळी' म्हटलं की त्याहून मोठी शिवी उरत नाही. वेंडेलला ते कळलं आणि त्याला भरून आलं. एवढं करून ती हसत होती.

आता दार लावून सोफा उलटा करायचा, एवढंच त्याच्या मनात होतं. पण कोरीनने सगळ्यांना बोलावून ठेवलं होतं. शेजारी आले, ड्वेनची बायको भट्टीत भाजलेल्या खिमा-बटाट्याची भलीमोठी परात घेऊन आली, आणि सगळ्यात शेवटी, काठी टेकत, बर्निसबाई आल्या. प्रत्येकाने सोफ्याला फेरी मारून "वेगळा आहे हो" म्हटलं. बर्निसबाई काहीच बोलल्या नाहीत. त्या खिडकीकडच्या बाजूला जाऊन बसल्या, विणलेली शाल पायांवर घेतली आणि वेंडेलकडे पाहिलं.

"जावईबापू, घरात हातमोजा?"

"हात गारठलाय जरा," वेंडेल म्हणाला.

"एकच?"

"ट्रेलरवर तोच बाहेर होता," तो म्हणाला, आणि आपण सासूबाईंशी धडधडीत खोटं बोललो या जाणिवेने त्याचे दोन्ही हात गार पडले.

जेवणाआधी प्रार्थनेसाठी सगळ्यांनी गोल उभं राहून एकमेकांचे हात धरले. वेंडेल घाईघाईने फिरून सासूबाईंच्या दुसऱ्या अंगाला गेला आणि त्याने त्यांना उजवा हात दिला. मोज्यातला डावा ड्वेनच्या हातात गेला. सगळे डोळे मिटून देवाचे आभार मानत होते. वेंडेलने डोळे किंचित उघडून पाहिलं, तर बर्निसबाईंचे डोळे टक्क उघडे होते आणि त्याच्यावरच रोखलेले होते. जेवायला बसल्यावर त्याने नुसतं ताट चिवडलं. परात मात्र रिकामी झाली.

मग निरोप सुरू झाले. त्या गावात पाहुणे एकदम जात नाहीत. टेबलापाशी "चला, निघायला हवं" म्हणतात, मग दारात कोट घालून बोलतात, मग पायरीवर बोलतात, मग गाडीची काच खाली करून मुख्य विषयाला हात घालतात. कोण गेलं, कोण राहिलं, काही पत्ता लागत नाही. कोरीन सगळ्यांबरोबर बाहेर गेली. दार ओढल्याचा आवाज येताच वेंडेलने मोजा फेकला, सोफ्याच्या खोलीकडच्या टोकाला मागून भिडला आणि सगळं बळ लावून हात फटीत घातला. हात कोपरापर्यंत गेला. बाहेर मात्र येईना.

कोरीन आत आली ती हातात नवीकोरी लोकरीची घोंगडी घेऊन. "ही घे, तुझ्या सोफ्यावर बसताना पायांवर घ्यायला," असं म्हणता म्हणता ती थांबली. "वेंडेल, काय करतोयस?"

आत यंत्र बघतोय असं सांगता आलं असतं. पण ती घोंगडी बघून वेंडेलला राहवलं नाही.

"कोरीन, आजोबांची अंगठी आत पडलीय."

तो वादळाची वाट बघत राहिला.

"कधी?" तिने विचारलं.

"दुकानात. पहिल्यांदा बसलो तेव्हाच."

"म्हणजे 'वाईट नाही' म्हणालास त्याच्या आधी."

"आधी."

कोरीन सावकाश गालिच्यावर बसली. "म्हणजे तुला हा आवडला नव्हताच."

दिवसभर वेंडेल शंभर गोष्टींना घाबरला होता. ही त्यात नव्हती. तिचा आवाज ऐकून अंगठी त्याच्या डोक्यातूनच गेली.

"मी सगळ्यांना फोन केले रे," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत याने एकदा तोंड उघडून काही मागितलं, म्हटलं मिळू दे बिचाऱ्याला. मी लग्नाचं विचारलं होतं, तेव्हा काय म्हणाला होतास, आठवतं?"

"वाईट नाही," वेंडेल पुटपुटला.

"तेव्हा काय पडलं होतं तुझं?"

वादळात ट्रक काढताना कधी वाटली नव्हती एवढी भीती वेंडेलला वाटत होती. "काही पडलं नव्हतं," तो म्हणाला. "तेव्हा मला तू पाहिजे होतीस. आजही पाहिजेस. बोलायला भीती वाटते, एवढंच." त्याचे कान लाल झाले. त्या घरात असलं बोलणं पूर्वी कधी झालं नव्हतं, त्यामुळे कोरीन घोंगडीची घडी उगाच मोडून पुन्हा घालू लागली. "आणि हा सोफा मला मुळीच आवडत नाही," त्याने एका दमात सांगून टाकलं. "भिकार आहे."

"कलेजीसारखा दिसतो," कोरीन म्हणाली.

"आणि ते दिवे."

"ते दिवे तर बघवत नाहीत." तिला हसू फुटलं. हसता हसताच तिने त्याच्या दंडाशेजारून आपला बारीक हात आत सरकवला, त्याचं मनगट वळवून मोकळं केलं, आणखी थोडं चाचपलं आणि अंगठी बाहेर काढली. श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ लागला. "मला सांगायचं होतंस ना, वेड्या."

तिने ती त्याच्या बोटात चढवली; ती अजून सैलच होती. "आता एकच कर," ती हळू आवाजात म्हणाली, "आईला यातलं अक्षर कळता कामा नये."

त्याच क्षणी सोफ्याच्या पलीकडच्या बाजूने मोटरची घरघर ऐकू आली. खिडकीकडे तोंड असलेल्या बाजूची पाठ हळूहळू उभी राहू लागली आणि तिच्यावरून पांढऱ्या केसांचा अंबाडा वर आला.

"आई, तू ड्वेनबरोबर गेली नाहीस?" कोरीनने कसंबसं विचारलं.

"ड्वेनला वाटलं, मी इथे राहतेय," बर्निसबाई खिडकीकडेच बघत म्हणाल्या. "मला झोप लागली होती. मी काही ऐकलेलं नाही."

वेंडेलने जमिनीवरचा मोजा उचलून खिशात कोंबला.

"पाठीला बरा आहे हा," बर्निसबाई म्हणाल्या. "मला कुणाकडून काही नको असतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे, जावईबापू. पण माझ्या बैठकीच्या खोलीत हा मावेल, असं आपलं सहज मनात आलं."

"उद्या सकाळी आणून लावतो," वेंडेल घाईने म्हणाला.

"छे, छे. तुमच्या आवडीचा तो."

"नाही, खरंच आणतो."

"नको हो, एवढ्या थंडीत कशाला त्रास."

"आणतोच मी, आई."

"एवढं म्हणताय तर आणा बापडे," बर्निसबाई म्हणाल्या. त्यांनी बटण दाबलं, पाय वर आले, अंबाडा सोफ्याच्या पाठीआड दिसेनासा झाला आणि पलीकडून त्यांचा शांत आवाज आला. "सोनार शनिवारी चारपर्यंतच असतो."