लॅपटॉप झोपू नये म्हणून

वस्तू चालू आहे, एवढ्यावर संघपालचं कधीच समाधान होत नसे. मिक्सर चांगला फिरत होता. तो आणखी चांगला फिरावा म्हणून त्यानं उघडला, आणि तेव्हापासून त्याची बायको प्रभावती शेंगदाण्याचा कूट खलबत्त्यात करते. कूलरचंही तेच झालं. (कूलरमध्ये हल्ली कांदे ठेवतात. हवेशीर राहतात.) लॅपटॉप तेवढा वाचला होता, कारण तो प्रभावतीचा होता.

पण त्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. विंडोज काढा, लिनक्स टाका. फुकट आहे, व्हायरस येत नाही, जुना लॅपटॉप नुसता पळतो. संघपालचे हात शिवशिवायला लागले. प्रभावती शाळेत शिकवायला गेली की काम उरकायचं आणि संध्याकाळी तिला चकित करायचं, असं त्यानं ठरवलं. ती चकित झालीही.

लॅपटॉप खरंच पळत होता. फक्त दोन गोष्टी अडल्या होत्या. त्यांच्या गावात फोनला अंगणातच काय ती रेंज. घरात नेट यायचं ते खिडकीजवळ बसून लॅपटॉपला लावलेल्या डोंगलवर. त्या डोंगलला लिनक्स मोडेम मानायलाच तयार नव्हतं, सीडी समजत होतं. दुसरी अडचण विजेच्या बचतीची. दोन मिनिटं कुणी बटण दाबलं नाही, की लॅपटॉप झोपायचा आणि जाता जाता डोंगलचाही दिवा विझवायचा. मग डोंगल उपटा, परत लावा आणि चहा होईपर्यंत वाट बघत बसा.

"अहो, बुधवारी माझा इंटरव्ह्यू हाय," प्रभावती म्हणाली. "शहागडच्या शाळेत हेडमास्तरची जागा. ऑनलाइन घेणारेत. मला पह्यल्यासारखं करून द्या."

"पह्यलं पुसलं."

"पुसलं?"

"बिलकुल साफ."

प्रभावती पोळ्या लाटायला निघून गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. या जागेची ती किती वर्षं वाट पाहत होती, हे संघपालला ठाऊक होतं, आणि आता तो मनापासून घाबरला.

मंगळवारभर तो एका जागी बसला नाही. कुठली तरी कमांड लागू पडली आणि डोंगल सीडीचं मोडेम झालं, तेव्हा त्यानं घरात उडी मारली. झोपेचं मात्र जमेना. सेटिंगमध्ये 'कधीच नाही' लिहिलं तरी लॅपटॉप दोन मिनिटांत डोळे मिटायचाच. शेवटी त्यानं लांब वायरचा एक कीबोर्ड जोडला.

"मी टेबलाखाली बसतो आन् स्पेसबार दाबत राह्यतो," तो म्हणाला. "त्यानं काईच होत न्हाई."

(होत होतं. त्या मीटिंगच्या ॲपमध्ये स्पेसबार दाबला की बंद माइक उघडायचा. हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.)

बुधवारी संस्थेचे अध्यक्ष साहेबराव स्क्रीनवर आले. "मॅडम, आमचं जरा बोलणं चालू हाय. माइक बंद ठेवून थांबा," असं म्हणाले. प्रभावतीनं माइक बंद केला. खालून संघपालनं इमानेइतबारे स्पेसबार दाबला.

"काय म्हणले?"

"थांबा म्हणले. तिघं हायेत. एक सर डुलकी घेऊन राह्यले."

"मंग त्यांचंबी बटण दाबायला माणूस ठेवावा लागतो."

"गप बसा."

"माइक बंद हाय ना! ए, मला एक कमांड आठवली. जरा वर येऊन टाकू का?"

"खबरदार!" प्रभावतीचा चार दिवसांचा राग एकदम बाहेर आला. "चालू कामात हात घालायचा न्हाई! पह्यलं मोडलेलं नीट करायचं, मंग नवीन उघडायचं. मिक्सर कुणी उघडला? कूलर कुणी उघडला? तुमच्यापेक्षा माझी पाचवीची पोरं शहाणी. मांडी घाला, बराबर बटण दाबा, आन् मी सांगेपर्यंत तोंडातून शब्द नको!"

"हो, मॅडम," संघपाल म्हणाला.

प्रभावतीनं स्क्रीनकडं पाहिलं. तिघंही ताठ बसले होते. डुलकी घेणाऱ्या सरांनी तर हाताची घडी घातली होती.

"मॅडम," साहेबराव म्हणाले, "तुमचा माइक चालू हाय."

"कधीपासून?"

"आमच्या सरांच्या डुलकीचं बोलल्या तवापासून."

 संघपालचे हात कीबोर्डवरून निसटले ते परत वर गेलेच नाहीत. प्रभावती माफी मागू लागली, ती मागून होते न होते तोच लॅपटॉप झोपला. डोंगल उपटून, लावून तो जागा होईस्तोवर मीटिंग संपली होती. एकही प्रश्न विचारला गेला नव्हता.

प्रभावती भिंतीकडं तोंड करून बसली. संघपाल अंगणात येरझाऱ्या घालत राहिला. आयुष्यात पुन्हा स्क्रूड्रायव्हरला हात लावणार नाही, असंही त्यानं मनात म्हटलं. एवढ्यात अंगणात ठेवलेला प्रभावतीचा फोन वाजला. साहेबराव होते. पुरुषाचा आवाज ऐकून त्यांनी विचारलं,

"कोण?"

"मी संघपाल. मॅडमचा मिस्टर."

"हां, टेबलाखालचे का?"

"हो, सर. माझी चूक हाय सर, तिची न्हाई. तिला एक चान्स द्या."

"चान्स कशाचा? जागा दिली त्यांना. येवढं ऐकल्यावर इचारायचं काय राह्यलं? जे तुम्हाला सांभाळून राह्यले, ते शाळा सांभाळतील. द्या फोन त्यांना."

 आनंदानं संघपालचे हात पुन्हा शिवशिवायला लागले.

"सर, शाळेतले कॉम्प्युटर जुने असतील ना? मी फुकटात लिनक्स टाकून देतो. सगळ्यांवर."

 पलीकडून साहेबरावांनी शिपायाला मारलेली हाक स्पष्ट ऐकू आली.

"कचरू, कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप लाव. जल्दी!"