पुरुष, पंचावन्न मिलिमीटर

"पुरुष? मी पुरुष?" एंदांगबाईंनी हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट खिडकीच्या काचेवर आपटला. "माझ्या डोक्यावरचा हिजाब तरी बघायचास!"

आतल्या कारकुनाने मान वर केली नाही. "बू, एंदांग म्हणजे पुरुषच. माझंही नाव एंदांग आहे."

कारकुनाच्या बांडुंग शहराकडे हे मुलाचं नाव आणि बाईंच्या सोलो शहराकडे मुलीचं. पण समोर धडधडीत बाई उभी असताना, तिला तोंडाने 'बू' म्हणजे 'बाई' म्हणत कागदावर बाप्या लिहायचा, म्हणजे डोळे काय घरी उशाशी ठेवून आला होता हा?

"रिपोर्ट चांगला आलाय ना? मग?"

"मग आठ महिने मला चार पायऱ्यांत दम का लागतोय?"

"अंगात वारा शिरला असेल. पाठीवर नाणं घासून घ्या, निघून जाईल."

बाईंच्या मस्तकात तिडीक गेली. आठ महिने जो तो हाच घरगुती उपाय सांगत होता. नवऱ्याने, विर्योनोने, नाणं घासून घासून त्यांच्या पाठीवर लाल पट्टे ओढले होते. दम होता तसाच होता. आता तोच नवरा बाही ओढू लागला.

"अगं, गप्प बस! अकरा वर्षांनी हजचा नंबर लागलाय. दुरुस्त करायला जाशील आणि हजच्या तपासणीत नापास होशील. बाप्या म्हणून पास झालीस ना, मग बाप्या म्हणून जाऊन ये!"

"आणि तिकडे मेले तर? बायको गेली म्हणून रडाल, की मित्र गेला म्हणून?"

बाई तडक डॉक्टर तिओलिनांच्या खोलीत घुसल्या. डॉक्टरांनी आकडा पाहिला: हृदयाचा डावा कप्पा, पंचावन्न मिलिमीटर.

"पुरुषाला हा चालतो. बाईचं हृदय मुळात लहान, तिला हा मोठा झाला. तीन महिने औषध घ्या, मग पुन्हा बघू. आज मी हजच्या कागदावर सही करणार नाही."

"चार महिन्यांनी विमान आहे!"

"म्हणूनच आज आलात ते बरं. अशाच गेला असतात, तर परत आला असतात असं मी छातीठोक सांगणार नाही."

मागून आलेल्या विर्योनोने बाही सोडली. बाई मात्र आणखीच भडकल्या. "म्हणजे माप बाप्याचं आणि मरायचं मी!"

तीन महिने त्यांनी गोळ्या घेतल्या, खारवलेली मासळी सोडली आणि नवऱ्याचं नाणं खिडकीबाहेर भिरकावलं. पुन्हा तपासणी झाली. कप्पा एक्कावन्न. डॉक्टरांनी सही केली आणि बाई कुठेही न थांबता जिना उतरल्या.

खाली खिडकीशी आरडाओरडा चालला होता. त्या आठवड्यात दवाखान्यातल्या नोकरांची तपासणी होती, आणि कारकून एंदांग खिडकीच्या बाहेर उभा राहून कागद नाचवत होता.

"मी बाई? आणि हृदय मोठं? साहेबांनी घरी बसवलंय मला! बायको रडून बेजार झालीये!"

आत सोलोची नवी मुलगी बसली होती. तिने मान वर केली नाही. "पाक," पुरुषांना म्हणतात तसं ती आदराने म्हणाली, "एंदांग म्हणजे बाईच. माझ्या मावशीचं नाव आहे."

एंदांगबाईंनी पर्स उघडली, एक नाणं काढलं आणि कारकुनाच्या तळहातावर ठेवलं.

"वारा शिरला असेल," त्या म्हणाल्या. "घासून घे."