धोंडूभाऊंची परखी

१९७४ सालच्या दिवाळीनंतरच्या सोमवारी कामशेतचे तांदळाचे व्यापारी धोंडूभाऊ यांनी पुण्यातल्या डॉक्टरांना दुसऱ्याच कोणाची तरी लघवी तपासायला दिली. तपासणीत साखर आढळली नाही.

ती कोणाची होती, याची खात्री मला आजवर करता आलेली नाही. माझी नव्हती. मी त्यांचा शेजारी. आदल्या संध्याकाळी ते रिकामी बाटली घेऊन माझ्याकडे आले होते.

‘‘बातमीदार, तुमी गोड लय खात न्हाई न्हवं?’’

कारण कळल्यावर मी नकार दिला.

‘‘मंग छापू बी नका.’’

भाऊंचा कशावरच विश्वास नसे. गोणीत खुपसून दाणे काढायची पोकळ सळई, म्हणजे परखी, कायम त्यांच्या काखेत. ‘‘वरचा थर समद्यांचाच चांगला असतो,’’ म्हणत ते ती तळापर्यंत घालत. देवळातला प्रसाद आधी हुंगत. स्वतःच्या नावाचं पत्रही उजेडात धरून बघितल्याशिवाय फोडत नसत.

त्यांचा उजवा खुबा झिजला होता. नवा सांधा बसवायचा होता. सोबत मी गेलो. डॉक्टरांनी साखर, तंबाखू, किडके दात आणि अंगावरची जखम, अशा चार गोष्टींबद्दल विचारलं. भाऊ चारही वेळा ‘‘न्हाई’’ म्हणाले. शेवटचं ‘‘न्हाई’’ तंबाखूमुळे नीट उमटलं नाही.

‘‘यातलं काही असलं तर नव्या सांध्यात पू होऊ शकतो,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘मग सांधा काढावाही लागतो.’’

‘‘काढल्यावर चालता येतं?’’

‘‘फार कठीण.’’

भाऊंनी हे दोनदा विचारून घेतलं.

‘‘खुबा माजा, अन् ह्यो दात मोजतोय,’’ बाहेर आल्यावर ते म्हणाले. ‘‘कायतरी खोट काढायचीच हाय त्याला.’’

स्टेशनवर गाडी आली. भाऊ बाकावरून उठले नाहीत. गाडी गेली.

‘‘पारूला दिसत न्हाई, दोन वर्सं झाली,’’ ते बायकोबद्दल म्हणाले.

‘‘माहीत आहे. पण आम्ही शेजारी आहोत की. मावशींना हात द्यायला...’’

‘‘तुमी चालताना वर बघता. तिला खड्ड्यात घालाल.’’

आम्ही परत दवाखान्यात गेलो. भाऊंनी डॉक्टरांसमोरच्या स्टुलावर उजवा पाय ठेवला आणि टाचेचं फडकं सोडलं. जखम कित्येक महिन्यांची होती.

‘‘तळाचा माल ह्यो हाय. बाटली माजी न्हवती. आता घाला परखी.’’

शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली. तंबाखू सुटली, तीन दात निघाले, साखर खाली आली, टाच भरली. फाल्गुनात नवा सांधा बसला. शस्त्रक्रियेची जखम कोरडी राहिली.

वैशाखातल्या एका रविवारी सकाळी पारूमावशी भाऊंच्या खांद्यावर हात ठेवून कामशेत स्टेशनच्या बाकापर्यंत चालत आल्या. प्रत्येक पावलाआधी भाऊ काठीने जमीन टोचून बघत होते.